फोमचं पिळलेलं पाणी

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे फिल्टरचा फोम पिळणं. लोकांना वाटतं शेवटचं काही मोठं असतं. आमचं नव्हतं. वैशाखातली दुपार उतरली होती, घरामागं कडुनिंबाच्या सावलीत ती पाटावर बसली होती नि मी उलट्या डब्यावर. ती घमेल्यात फोम पिळत होती, मी काडीनं टाक्यातलं शेवाळ ओढत होतो. काडी फिरवली की ते शेवयांसारखं गुंडाळून येतं. त्याच वेळी मी तिला एक शब्द दिला आणि तासाभराच्या आत मोडला. तेच लिहायचं आहे. बाकी मला लिहिता येत नाही, सातवीत शाळा सुटली.

ते टाकं आधी सांगतो. मी रिटायर झालो तेव्हा स्टील प्लांटचं क्वार्टर सोडून आम्ही रिसालीत दोन खोल्या बांधल्या. भिंतींवर पाणी मारायला मिस्त्रीनं मागं एक टाकं बांधलं होतं. माणूस आडवा झोपेल एवढं लांब, मांडीएवढं खोल. घर झाल्यावर मी म्हणालो, आता हे बुजवतो. ती म्हणाली, "राहू द्या जी. तुमाले कायले नडून राहिलं ते?"

कुरुदकडच्या तलावावरून तिनं पांढऱ्या कुमुदिनीचा कांदा आणला, फुटक्या घमेल्यात चिखल घालून तळाशी ठेवला. मग बोटाएवढे मासे आले. फूल उमललं की ती वंदनेच्या जागी बुद्धापुढं वाटीत ठेवायची. मी त्याला टाकं म्हणायचो, ती तळं. शेजारची बाई हसायची, "काकी का तालाब देखो, बाल्टी में आ जाए." ती म्हणायची, "तू अपनी बाल्टी देख."

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी हिरवं झालं. पालक शिजवलेलं पाणी असतं तसं. हात घातला तर बोटं दिसत नव्हती. मी काय केलं, सगळं टाकं उपसलं, तारेच्या ब्रशनं घासलं, ब्लीचिंग पावडर मारली, नळाचं पाणी भरलं. तीन दिवस काचेसारखं. आठव्या दिवशी परत पालक, आणि मासे वर पालथे. तिनं नवे मासे आणले, तरी असं मी एकदा नाही, दोनदा केलं. दोन्ही वेळा तिनं मासे ओंजळीत उचलून कढीपत्त्याच्या बुडाशी पुरले. दुसऱ्या वेळी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट मात्र वाढत होती.

मग मी फिल्टर बनवला. तो माझा. कूलरचा पंप टाक्यात सोडला, पेंटचा मोठा डबा कठड्यावर ठेवला, डब्यात गादीवाल्याकडचा फोम तीन थर, खाली गिट्टी. पंप पाणी वर फेकतो, फोममधून गाळून नळीनं परत टाक्यात. फोम तुंबला की डबा वरून सांडतो. सांडला की समजायचं, साफ करायची वेळ झाली.

आता साफ करणं म्हणजे काय, यावर आमचं जमलं नाही. मी सगळी नोकरी प्लांटच्या पाणी खात्यात काढली. माझं काम स्ट्रेनर, म्हणजे पाइपातली गाळ अडवणारी जाळी, खोलायची, धुवायची, लावायची. साहेब यायचा नि जाळीवर पांढरा रुमाल फिरवायचा. रुमाल मळला की शिव्या. ती सवय हाडात गेली. मी फोम नळाखाली धरायचो, कपड्याची पावडर टाकायचो, नव्यासारखा करायचो. रोज धुवायचो. आणि पाणी हिरवंच राहायचं. मी म्हणायचो, कमी धुतो म्हणून.

मुलीच्या बाळंतपणाला मी आधी नागपूरला गेलो, ही आपलं शिवणाचं काम उरकून मागून येणार होती. आठ दिवसांनी तिला घ्यायला परत आलो तर टाक्याचा तळ दिसून राहिला. घमेलं दिसत होतं, मासे मोजता येत होते. मी विचारलं, "काय टाकलं वो यात?"

"काई नाही. तुमी नव्हते."

तिनं फोमला आठ दिवस हात लावला नव्हता. सांडला तेव्हा तळ्याच्याच पाण्यात दोनदा पिळला नि तसाच मातकट परत ठेवला. मी म्हणालो, ही काय साफसफाई? ती म्हणाली, "विरजणाचं गाडगं राखेनं घासून मंग दूध ओतलं तं दही लागन का? त्या मातकटपणात काईतरी हाय. तेच पाणी साफ करते. तुमी रोज त्याचा जीव घेता."

मला पटलं नाही. पण पाणी साफ होतं. तेव्हापासून फोम तिच्याकडे. नियम तिचे. नळ नाही, पावडर नाही. उन्हाळा लागला की अर्ध्या टाक्यावर जुनी साडी ताणायची, उरलेलं कुमुदिनीची पानं झाकतात. सावली असली की शेवाळ हटते. आणि मी मुरमुरे टाकायचे नाहीत. ते मात्र मी टाकायचो, चोरून. मासे माझी चाहूल लागली की कोपऱ्यात गोळा व्हायचे. ती म्हणायची, "तुमाले पाहून नाही येत ते. मुरमुऱ्याले येतात. न खाल्लेलं सडते नि शेवाळ वाढते. मंग काडी घेऊन बसा."

त्या दिवशी मी काडी घेऊन बसलो होतो ते त्यामुळंच. ऊन कडक, मुरमुरे माझे, पाण्यावर हिरवट झाक आलेली, डबा सकाळपासून सांडत होता. तिनं फोम दोनदा पिळला नि उचलला.

मी म्हणालो, "झालं? रंग तं पाह्य त्याचा. म्हशीवाणी हाय."

"रंग नका पाहू."

"एक डाव नळाखाली मारू दे. एकच."

"नाही म्हनलं ना. आता पिळला, आठ दिवस हात नाही लावायचा. कबूल?"

"कबूल."

"टाक्याकडं पाहून नका म्हनू. माह्याकडं पाहून म्हना."

"कबूल वो बाई, कबूल."

ती हसली. पिळलेलं तपकिरी पाणी तिनं पिवळ्या बादलीत ओतलं. एरवी ते लगेच कढीपत्त्याला जायचं. त्या दिवशी म्हणाली, "जमीन तपली हाय, मुळं उकडतीन. उद्या सकाळी टाकते." बादली झाडाशी ठेवली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पाठ भरून आली. जरा पडते. पाच वाजता चहा मांडा." मी खोलीतला कूलर लावून दिला. ती पडली.

मी परत मागं आलो. फिल्टर चांगला चालत होता. सांडत नव्हता. करायचं काही नव्हतं. पण वरून तो मातकट फोम दिसत होता, नि तेवढ्यात नळ आला. आमच्याकडे संध्याकाळचा नळ जोरात येतो. मी म्हटलं, ती उठायच्या आत होऊन जाईल, तिला कळणारही नाही.

फोम काढला. पावडर टाकली. नळ पूर्ण खोलला. पाणी सिमेंटवर आपटत होतं, खोलीत कूलर घरघरत होता. मी फोम तुडवला, पिळला, परत तुडवला. पिवळाधमक निघाला. मला बरं वाटलं, खोटं काय सांगू. साहेबाचा रुमाल फिरला असता तरी मळला नसता. परत बसवला, हात धुतले, चहा मांडला.

हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. कप घेऊनच आत गेलो.

तिचा हात खाटेखाली लोंबत होता. स्टीलचा गिलास खाली पडलेला, फरशीवर पाणी. गिलास फरशीवर पडला म्हणजे वाजला असेल. आमच्या घरात चमचा पडला तरी मागं ऐकू येतो. मला ऐकू आला नाही.

शेजारच्या बाईनं गाडी बोलावली, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, घरीच गेल्या, तुम्ही जवळ असता तरी हाती काही नव्हतं. मुलगीही पुढं तेच म्हणाली. मी मान हलवतो. तिनं हाक मारली होती का, हे दोघांनाही माहीत नाही.

रात्रीचं मला काही सांगायचं नाही.

सकाळी मुलगी पहिल्या गाडीनं आली. घर बायांनी भरलं होतं. भंतेजी यायचे होते. मी तोंडावर पाणी मारायला मागं गेलो.

मासे सगळे वर आले होते. तोंडं उघडून पाण्याची वरची कड चाटत होते. दोन आडवे झालेले. नळीचं पाणी पडतं तिथं पावडरीचा फेस जमला होता. मी कबूल म्हणालो होतो, तिच्याकडं पाहून म्हणालो होतो, आणि हे तिसऱ्यांदा झालं होतं. या वेळी त्यांना ओंजळीत उचलणारी आत पांढऱ्या चादरीखाली होती.

मला तिथंच बसून घ्यावं वाटलं. मग कढीपत्त्याखाली पिवळी बादली दिसली.

तिला सकाळी टाकायचं होतं ते पाणी. गाळ खाली बसलेला, वर पाणी चहाएवढं तपकिरी. मी पंपाचा प्लग काढला. टाक्यातलं फेसाळ पाणी आठदहा डबे उपसून फेकलं, नळाच्या औषधाचा वास उडावा म्हणून तिनं पिंपात दोन दिवस ठेवलेलं पाणी हळूहळू ओतलं. फोम काढून पिंपाच्याच पाण्यात खळबळला, पावडरीचा वास जाईपर्यंत. मग पिवळी बादली हातानं ढवळली, गाळ वर आणला, नि फोम त्यात दाबला. दाबायचा, सोडायचा. तो पाणी पिऊन घ्यायचा. परत दाबायचा.

शेजारची बाई दारात आली. "काका, अंदर चलो ना. नहलाने का टाइम हो गया. लोग क्या बोलेंगे?"

"बोलू दे," मी म्हणालो.

तिनं मुलीला पाठवलं. मुलगी येऊन उभी राहिली, डोळे सुजलेले. "बाबा, काय करून राहिले तुमी? आई तिकडं..."

"तुह्या आईचं विरजण हाय हे," मी म्हणालो. "काल मी सगळं धुऊन टाकलं. मले नाही म्हनली होती. ही बादली धर."

तिला काय कळलं माहीत नाही. बापाचं डोकं फिरलं असं वाटलं असेल. पण पदर खोचून खाली बसली नि बादली तिरपी धरली. मी तळातला गाळसुद्धा बोटांनी काढून फोमला चोळला. तीन थर होते, तिन्ही थर. पिवळा रंग गेला, म्हशीचा रंग आला. असं विरजण लागतं की नाही मला माहीत नव्हतं. सांगणारी आत होती.

फोम डब्यात बसवला, प्लग लावला. नळीतून आधी गढूळ पाणी आलं. डबा सांडला नाही. मासे वरच होते. किती राहिले नि किती गेले ते नंतरचं.

मुलगी म्हणाली, "बाबा, हात तरी धुवा."

नळ शेजारीच होता. मी तो खोलला नाही. हात लुंगीला पुसले नि आत गेलो.