सोंगटीतले टिपके

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर मामांना घरी एकटं ठेवायला माझं मन धजेना. मामा म्हणजे माझे सासरे. मूळचे नातेपुत्याचे, एसटीत कंडक्टर होते. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडे शुक्रवार पेठेत राहतात. नवरा दिवसभर दुकानात, म्हणून आमच्या सरांना विचारून मी मामांना माझ्याबरोबर कॉलेजात न्यायला लागले. उत्खननात सापडलेल्या हाडा-शिंगांच्या वस्तू ओळखणं हे तिथलं माझं काम.

सुरुवातीला ते खुर्चीत बसून डुलक्या काढायचे. मग एकदा म्हणाले, "मला बी दाव की, काय बघतीस ते."

मी भिंग त्यांच्या हातात दिलं. हाडात रक्ताच्या बारीक वाटा असतात, त्या भिंगातून काळसर टिपके होऊन दिसतात. सांबराच्या शिंगाचा गाभा पावासारखा सच्छिद्र असतो. हस्तिदंतात टिपके नसतात. तो आडवा कापला तर वाकड्या रेघा एकमेकींना छेदत गेलेल्या दिसतात. हे सगळं मामांनी असं ऐकलं, जणू नव्या रूटची ड्यूटी लागली होती.

त्याच सुमाराला नदीकाठच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, एक सोंगटी आली. अंगठ्याएवढी, पिवळसर, तुकतुकीत. हस्तिदंत असावा असं सगळ्यांनाच वाटत होतं. तसं निघालं, तर त्या लहानशा गावाचा दूरच्या मुलखाशी व्यापार होता असं म्हणता आलं असतं. घरी जेवताना मी दुसरं काही बोलतच नव्हते.

सोंगटी साफ झाली तेव्हा मला स्वतःला बघायचा धीर होईना. म्हटलं, "मामा, आधी तुम्ही बघा."

त्यांनी बराच वेळ बघितलं, मग भिंग खाली ठेवलं. "मला काय दिसंना, पोरी. समदं धूसर हाय."

मी सोंगटी तशीच डबीत घातली आणि रिक्षा करून त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. वाटेत ते म्हणत होते, "ऱ्हाऊ दे की. उद्या बरं हुईल."

डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मामांनी अगदी खालची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली. डॉक्टर म्हणाले, "डोळा उत्तम आहे."

मी मामांकडे बघितलं. ते टोपी काढून हातात फिरवत बसले होते.

"टिपकं हायती त्यात," ते हळूच म्हणाले. "लई हायती. बघितल्या बघितल्या दिसलं. पर तुला कसं सांगू? एवढी खुशीत हुतीस."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "अहो मामा, हाड तर हाड! कुणीतरी बसून ते घासलं, गुळगुळीत केलं, त्याच्याशी खेळलं. ते काय कमी आहे? मला तर तुमच्या डोळ्याचीच धडकी भरली होती."

"एवढी भ्यालीस व्हय?" म्हणत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तसा हात त्यांनी पहिल्यांदाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी सोंगटी बघितली. खसखस सांडावी तसे टिपके होते. चिठ्ठीवर 'हाड' असं लिहिलं. सरांचा चेहरा जरा उतरला. मग त्यांनीही भिंग लावलं आणि विचारलं, "आधी कुणी ओळखलं?"

मी मामांकडे हात केला. मामा उठून उभेच राहिले. "वाईट वाटतंय ओ साहेब, पर हाडच हाय."

सर हसले आणि त्यांनी तिघांसाठी चहा सांगितला.