बबनला मिळालेला हुकूम

उत्तर सीमेवरच्या एका पोस्टवर मी कंपनीचा रेडिओ ऑपरेटर होतो. हुद्दा नाईक. बंकरमध्ये सेट माझ्यासमोर, शेजारी कंपनी कमांडर. तेव्हा ते मेजर होते. पुढे शौर्यपदक लावून ब्रिगेडियर म्हणून निवृत्त झाले. मी सुभेदार म्हणून निवृत्त होऊन पुण्यात धायरीला राहायला आलो.

गेल्या वर्षी साहेबांचं चरित्र लिहायला मेजर अनघा यांनी घेतलं. त्याही निवृत्त फौजी. लष्करी अधिकाऱ्यांची चरित्रं लिहिण्यात त्यांचं नाव होतं. त्यांच्या पुस्तकांत वाईट अधिकारी एकही सापडत नाही. म्हणून मी सावध होतो.

त्या माझ्या घरी यायच्या आदल्या दिवशी साहेबांचा फोन आला. निवृत्तीनंतर पहिलाच.

"सुभेदार, तब्येत कशी आहे? बाई येतील. डोक्याला ताण देऊ नका. या वयात विसरायला होतं."

"हो सर."

फोन ठेवून बायकोला म्हणालो, "यांना माझ्या तब्येतीची काळजी कधीपासून?"

मॅडम आल्या. मी सरळ विचारलं, "आपल्याला साहेबांनी पाठवलंय का?"

"नंबर त्यांनीच दिला. म्हणाले, सुभेदाराला आता काही आठवत नाही."

"मग कोथरूडहून इतक्या लांब कशाला आलात?"

"ज्याला काही आठवत नाही, त्याच्याबद्दल साहेब तीनदा बोलले. म्हणून आले."

तरी माझा विश्वास बसेना. मी म्हणालो, "आधी तुम्हाला काय माहीत आहे ते सांगा."

"पदकाच्या प्रशस्तीपत्रात आहे, अडकलेल्या गस्ती पेट्रोलसाठी साहेब स्वतः कुमक घेऊन वर गेले. त्या पेट्रोलमधला एक जवान मला साताऱ्यात भेटला. तो म्हणतो, कुमक आलीच नाही."

मी रेकॉर्डर लावायला सांगितलं.

त्या दिवशी लान्स नाईक बबन काळोखे पेट्रोल घेऊन डोंगराच्या धारेवर गेला होता. दुपारी वरून फायर आला. सेटवर बबनचा आवाज आला, "दोन जखमी. मागे येतो. ओव्हर."

साहेबांनी हँडसेट माझ्या हातातून घेतला. "थांब. मी कुमक घेऊन येतोय. आउट."

ते बंकरबाहेर पडले नाहीत. बबनने पुन्हा विचारलं, "कुमक कुठवर आली?" साहेबांनी मला हातानेच गप्प राहायला सांगितलं. शेवटी बबनने जखमींना साथीदारांबरोबर खाली पाठवलं आणि एकटा फायर देत राहिला. अंधार पडायच्या आत सेट बंद झाला. रिपोर्टमध्ये आलं, बबन हुकमाविना पुढे गेला आणि मारला गेला.

चौकशीत मी हे सगळं सांगितलं होतं. लगेच माझी बदली झाली.

मॅडमनी रेकॉर्डर बंद केला. मग म्हणाल्या, "अहो, मी फौजेत गेले ते या माणसाचं भाषण ऐकून."

मला वाटलं, आता पुस्तक गुंडाळतील. त्यांनी सगळं पुस्तकात घातलं. प्रकाशकाने अंग काढून घेतलं, तेव्हा वर्तमानपत्रात लेख लिहिला. पुण्यात गदारोळ झाला. साहेब म्हणाले, बाईला प्रसिद्धी हवी आहे. मॅडमना समारंभांची बोलावणी बंद झाली. पुढचे दोन अधिकारी चरित्र लिहून घ्यायला तयार होते, तेही मागे फिरले. पदकाची फेरचौकशी मात्र सुरू झाली. मी आणि तो सातारचा जवान जबानी देऊन आलो. निकाल अजून यायचा आहे.

बबनची आई केव्हाच वारली. भाऊ गावी असतो. मॅडम आणि मी त्याला भेटायला गेलो. त्याने एकच विचारलं, "दादा हुकूम मोडून गेला होता का?"

"नाही," मी म्हणालो. "त्याला थांब म्हणून सांगितलं होतं. तो थांबला."