रिव्ह्यू चालू असताना हलायचं नाही

आमच्या घरात रिव्ह्यू चालू असताना कुणी हलायचं नाही, हा नियम माझा. मैदानावर कॅप्टननं हातावर हात ठेवून निकाल पुन्हा तपासा अशी ती खूण केली, की घरातलं जे माणूस जिथं असेल तिथंच राहायचं. पाय उचललेला असेल तर उचललेलाच. थर्ड अंपायरचा निकाल येईपर्यंत श्वास तेवढा घ्यायचा, तोही हळू. या नियमापायी बायकोचं दूध किती वेळा उतू गेलंय ते तिला विचारू नका, ती सांगत बसेल. एकदा तर गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन दारात उभा, "अंकल, रख दूँ क्या?" आणि मी त्याला डोळ्यांनीच दटावतोय. आपला बॅट्समन त्या दिवशी वाचला. गॅसवाला मात्र तेव्हापासून बेल वाजवण्याआधी खिडकीतून आत डोकावतो, टीव्ही चालू आहे का म्हणून.

नियमाचा दुसरा भाग असा, की निकाल विरुद्ध गेला तर यंत्राचा उद्धार करायचा. यातही मी कमी नव्हतो. टावर चौकात पानाच्या टपरीवर उभं राहून मी कित्येकांना पटवून दिलंय, की हे स्टंपपर्यंत रेघ ओढणारं यंत्र म्हणजे निव्वळ नजरबंदी आहे. बॉल पॅडला लागला, खेळ खल्लास. तो पुढं कुठं गेला असता हे सांगणारे हे कोण? ज्योतिषी? लोक ऐकायचे. इंदूरजवळच्या या गावात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या घराण्यातला मी. पूर्वज महाराष्ट्रातून इथल्या दरबारात चाकरीला आले आणि राहिले. दरबार गेला, पण निकाल द्यायची हौस आमच्या घरात उरली.

तर अशा या घरात माझ्या मुलीला बघायला पुण्याहून मुलगा आणि त्याची आई येणार होती. बघायला म्हणजे नावापुरतं. मुलीनं आणि त्यानं आपापसात आधीच ठरवलं होतं. आम्ही मोठ्यांनी पोहे खाऊन मान डोलवायची, एवढंच काम. मुलाला वडील नव्हते. आईनं एकटीनं वाढवलेला, म्हणजे जे काही होतं ते त्या माउलीच्या होकारावर. "तो क्रिकेटच्या मॅचला कॅमेऱ्याचं काम करतो," एवढंच मुलीनं मला सांगितलं होतं. मी खूश. सीमारेषेवर खांद्याला कॅमेरा लावून उभा असणारा मुलगा माझ्या डोळ्यांपुढं आला. पुढचं तिनं सांगितलं नाही, आणि का नाही सांगितलं ते तुम्हाला आत्ता कळेलच. माझ्या बायकोला मात्र सगळं ठाऊक होतं.

"अहो, टीव्ही बंद," बायको म्हणाली.

"आवाज बंद," मी म्हणालो.

आणि वर शहाणपणा असा केला, की सोफा फिरवून पाहुण्यांची पाठ टीव्हीकडे येईल अशी मांडणी केली. माझं तोंड टीव्हीकडे. पाहुण्यांकडे बघतोय असं वाटावं आणि स्कोअरही दिसावा. स्वतःच्या हुशारीवर मी त्या वेळी फार खूश होतो, हे नोंदवून ठेवतो.

मंडळी आली. पोहे आले. "अगंबाई, पोह्यांवर शेव?" मुलाची आई म्हणाली. "आणि जिरावन मसाला," मी म्हणालो, "इसके बिना पोहे म्हणजे आमच्याकडे बिमार माणसाचं जेवण." त्या हसल्या. मुलगाही बरा वाटला, बोलायला मोकळा, दुसऱ्यांदा शेव मागून घेणारा. सगळं छान चाललं होतं. त्या हात धुवायला उठल्या, आणि नेमकं तेव्हाच टीव्हीवर आपल्या बोलरनं अपील केलं. अंपायरनं मान हलवली, नॉट आउट. आपल्या कॅप्टननं खूण केली.

"कोई हिलेगा नहीं!" मी ओरडलो.

बायको ताट धरून थिजली. मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात. मुलगा तोंडात घास घेऊन. त्याची आई टीव्हीसमोर उभी, ओले हात पुढे धरलेले, पाणी टपटपतंय. मी ओरडायच्या आधीच त्या थांबल्या होत्या, हे माझ्या ध्यानात आलं ते फार नंतर. तेव्हा मला वाटलं, व्वा, काय वजन आहे आपल्या आवाजाला.

पडद्यावर रेघ निघाली. बॉल लेग स्टंपला लागताना दिसला, पण अर्ध्याहून कमी. अशा वेळी मैदानावरच्या अंपायरनं जे दिलं तेच कायम. म्हणजे नॉट आउट.

मग माझं तोंड सुटलं. "लागतोय! आंधळ्यालाही दिसतंय लागतोय! सब सेटिंग है. तिथं आत एसीत एक पोरगा बसवलेला असतो, तो बटण दाबतो आणि पाहिजे तिकडं रेघ ओढतो. बिके हुए लोग. असल्या पोराच्या घरी कुणी पाणी पिऊ नये!"

बायको डोळे वटारत होती. मला वाटलं, आवाज कमी करा म्हणतेय. मुलीनं ट्रे खाली ठेवला आणि डोळे मिटले.

मुलाच्या आईनं पदराला हात पुसले, मुलाच्या मागं येऊन उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तो आत बसणारा पोरगा हाच. आज तुमच्याकडे यायचं म्हणून सुट्टी घेतलीय. एरवी ती रेघ हाच काढतो."

मी काहीतरी म्हणालो. "तसं नाही, यंत्र वाईट नाही, माणसं..." असं काहीतरी. जे म्हणालो त्यानं आणखी बिघडलं. त्या बसल्या, पण चहाच्या कपाला हात लावला नाही.

मुलगा मात्र हसला. अगदी पोटातून. "काका, बॉल आहे का घरात?"

आमच्या घरात बॉल नसेल का? दिवाणाखालून टेनिसचा बॉल काढून दिला. त्यानं मला खोलीच्या मध्यावर उभं केलं. "पायानं अडवा. हात लावायचा नाही." आणि कोपऱ्यातून घरंगळता टाकला. माझ्या नडगीला लागून तो थांबला.

"आता सांगा, पाय नसता तर कुठं गेला असता?"

"सरळ शोकेसमध्ये," मी म्हणालो.

"छे, खिडकीच्या पडद्याकडं चालला होता," बायको म्हणाली.

"दाराबाहेर," मुलगी म्हणाली, माझ्याकडं बघून. बहुधा बॉलविषयी बोलत नसावी.

"तो कुठंच गेला नाही, काका," मुलगा म्हणाला. "इथंच थांबला. पुढची वाट आपण सगळ्यांनी मनानं काढली. यंत्रही मनानंच काढतं. आपल्यापेक्षा खूप चांगली काढतं, चारी बाजूंनी बघून काढतं, पण बॉल गेलाच नाही तिथली वाट ती. म्हणून जिथं त्याला पक्की खात्री नसते, तिथं ते सांगतं, जो माणूस समोर उभा होता त्याचं ऐका."

मी पायाशी पडलेल्या बॉलकडं बघत राहिलो. एवढं सगळं बघणारं यंत्र, आणि ते म्हणतं मला नक्की माहीत नाही? सारी नोकरी सरकारी ऑफिसात काढली, एका साहेबाच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नाही. साहेब कशाला, टावर चौकात माझ्या स्वतःच्या तोंडून कधी निघालं नाही.

"हात कापत नाहीत तुझे?" मी विचारलं. "सगळी दुनिया थांबलेली असताना?"

"कापतात ना. पण त्या वेळी आत आम्ही कुणीच हलत नाही. जरुरीपुरतं बोट, बस."

म्हणजे मी इकडं फ्रीगंजमधल्या आमच्या घरात एका पायावर उभा असतो, त्याच घटकेला हा तिकडं स्टेडियममागच्या एका खोलीत तसाच थिजलेला असतो. इतकी वर्षं मी ज्याला शिव्या घालत होतो तो माझाच नियम पाळत होता.

पण ही मोठी गोष्ट मला उमजेपर्यंत त्याच्या आईनं पर्स उचलली होती. "कळवू आम्ही," दारात त्या म्हणाल्या. ते "कळवू" कसलं असतं हे मुलीच्या बापाला सांगावं लागत नाही.

मुलगी रात्री जेवली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, मला तो पसंत आहे. तुमच्यामुळं गेला तर..." पुढचं वाक्य तिनं माझ्यावर सोडलं. मी फोन करून माफी मागतो म्हणालो, तर बायकोनं फोन काढून घेतला. "तुम्ही माफी मागायला जाल आणि यंत्रावर भाषण द्याल. तुमचं तोंड बंद, हीच आपली बाजू."

दिवस गेले, फोन नाही. मुलगा तिच्याशी बोलायचा, पण आईच्या मनाविरुद्ध एक पाऊल टाकणार नाही म्हणायचा. मग इंदूरला मॅच आली. मुलाची ड्यूटी तिथं होती. त्यानं शेजारशेजारचे दोन पास काढले, एक मुलीच्या हाती माझ्यासाठी पाठवला आणि एक आपल्या आईला दिला. पोरगं बारा गावचं पाणी प्यालेलं आहे हे मला तेव्हा कळलं.

देवास गेटच्या बसस्टँडवर इंदूरच्या बसमध्ये बसवताना बायकोनं ताकीद दिली. "तोंड फक्त खायला उघडायचं."

टीव्हीवर बघताना वाटतं, आपण मैदान ओळखतो. आत गेलो आणि ते हिरवं एकदम समोर आलं, तर मला बसायचं सुचेना. मुलाची आई आधीच येऊन बसली होती. नमस्कार झाला. त्या काही बोलल्या नाहीत, मी तर बोलणारच नव्हतो. बऱ्याच वेळानं त्यांनीच बोट वर केलं. "ते बघा. छताजवळ. आणि तिकडं, समोर." उंचावर छोटे कॅमेरे बसवलेले होते. टीव्हीवाले कॅमेरे लोकांवर फिरतात, पोरींवर, झेंड्यांवर. हे मुळीच फिरत नव्हते. एवढा कल्लोळ भोवती, आणि त्यांची नजर मधल्या त्या मातीच्या पट्टीवर खिळलेली. "हे त्याचे," त्या म्हणाल्या. देवळात कळस दाखवावा तशा.

ऊन कलायला लागलं असताना ते घडलं. आपला बॅट्समन जमलेला. बॉल पॅडला लागला, अपील झालं, अंपायर म्हणाला नॉट आउट. समोरच्या कॅप्टननं खूण केली.

सगळं स्टेडियम गप्प झालं. हे मी टीव्हीवर कधी ऐकलं नव्हतं, कारण तिथं कुणी ना कुणी बोलत असतं. हजारो माणसं एका वेळी गप्प बसली की कानात दडे बसतात. मी नियमाप्रमाणे थिजलो. डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतो, तर शेजारी पाण्याचा ग्लास ओठांपासून वीतभर अंतरावर थांबलेला.

"तुम्हीही?" मी पुटपुटलो.

"तो आत असला की मी हलत नाही," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "कुणी का जिंकेना. त्याचं बरोबर यावं, एवढंच."

मग मला माझ्या घरातले ते टपटपणारे ओले हात आठवले.

तेवढ्यात मागून एक जण भोंग्यासारखा ओरडला. "देखना भिया, अंदर बैठा लौंडा लाल कर देगा! सब सेटिंग है! बिके हुए हैं साले!"

माझंच वाक्य. जवळजवळ शब्दाला शब्द. टावर चौकातून फिरत फिरत इंदूरला माझ्या मागच्या रांगेत येऊन बसलेलं. मला काय झालं माहीत नाही. रिव्ह्यू चालू असताना जन्मात कधी हललो नव्हतो, तो मी उठून उभा राहिलो, वळलो आणि बोट रोखून ओरडलो, "ओ भिया! जबान सँभाल के! अंदर मेरा जमाई बैठा है!"

शब्द गेला आणि मग आठवलं, होकार आलेला नाही.

आसपासची माणसं माझ्याकडं बघायला लागली. मागचा गडी खाली बसला. मला शेजारी बघायचं धैर्य होईना, म्हणून समोरच्या मोठ्या पडद्याकडं बघितलं. रेघ निघाली. लाल, लाल, लाल. मधला स्टंप. आपला बॅट्समन आउट, आणि तो आउटच होता. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या विरुद्धचा निकाल बरोबर आला म्हणून माझा जीव भांड्यात पडला.

मग मैदानाच्या मधोमध, ज्यानं नॉट आउट दिलं होतं त्या अंपायरनं दोन्ही हात छातीवरून आडवे नेऊन खांद्यांना लावले. म्हणजे, मघाचा माझा निकाल मी मागं घेतो. आणि सावकाश बोट वर केलं. टीव्हीवर त्या वेळी नाचणारे बोलर दाखवतात. इथं तो एकटा माणूस दिसत होता, हजारोंच्या आरोळ्यांत ताठ उभा. असल्या माणसांना मी किती वर्षं दिवाणावर लोळून आंधळे म्हणत आलो होतो.

तोंडानं माफी मागायची मला परवानगी नव्हती. मी मुलाच्या आईकडं वळलो आणि दोन्ही हात आडवे करून खांद्यांना लावले.

त्यांनी आधी ग्लासातलं पाणी पिऊन संपवलं.

"हललात तुम्ही," त्या म्हणाल्या. "म्हणून गेली विकेट."

मी हात तसेच धरून उभा.

"बसा आता, व्याही. मागच्यांना दिसत नाहीये."