पोळी उलटायची जागा

प्रिय ईरा आणि नील,

हे मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्हाला वेळ लागणार. लागू दे. अक्षरं तुमच्या शाळेतल्या हिंदीचीच आहेत, अडलं तर बाबांना विचारा. पुढच्या आठवड्यात वरच्या खोलीतला कॉम्प्युटर एका शाळेला द्यायचा आहे. त्यातली एक फाईल मी सीडीवर उतरवून घेतली. ती कसली, हे आत्ताच सांगायला हवं – नाहीतर उद्या कुणीतरी लावून बघेल, "काहीच नाही यात" म्हणेल आणि फेकून देईल.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. शाळेत अठ्ठावीस वर्षं फिजिक्स शिकवलं. कुणी तसले अनुभव सांगू लागलं की मी चहा टाकायला उठते, हे तुमच्या आजोबांना विचारा. तरीही पुढचं लिहितेय...

तुमच्या बाबांनी २००७ साली मला एक मायक्रोफोन पाठवला होता, रिटायर झालेल्या आईचा वेळ जावा म्हणून. त्यातून आमचा पॉडकास्ट सुरू झाला. एक चाल बांधणारा माणूस आणि एक संगीतशास्त्र जाणणारा, अशा दोघांना समोरासमोर बसवायचं आणि मी मधे बसायचं. ऐकणारे थोडे होते, पण नेमाने पत्रं लिहायचे. जागा – आपलं तिलक नगरचं घर, पहिला मजला, मागची खोली. भिंतींना रजया टांगलेल्या, खिडकी बंद.

माझी एक पद्धत होती. बोलणं सुरू होण्याआधी सगळ्यांनी एक मिनिट गप्प बसायचं, आणि ते मिनिट रेकॉर्ड करायचं. नंतर सॉफ्टवेअरला ते दाखवून सांगायचं – ही नुसत्या खोलीची घरघर, एवढी सगळीकडून पुसून टाक. काम झालं की मी ते मिनिटही पुसायची.

पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळचे अकरा. त्या दिवशी चाल बांधणारे होते कांबळे – रेल्वेतले निवृत्त गार्ड, मूळचे नागपूरचे, शहराच्या दुसऱ्या टोकाहून, झोटवाड्याहून बसने आलेले. रेल्वे कॉलनीतली जयंती, शाळांची गॅदरिंग, सगळीकडे त्यांच्याच चाली. शास्त्राच्या बाजूला लिमये मॅडम, कॉलेजात संगीत शिकवलेल्या, पक्क्या पुण्याच्या.

नेहमीप्रमाणे मिनिटभर गप्प बसलो. मॅडम डोळे मिटून, कांबळे छताकडे बघत, मी घड्याळाकडे. मग सुरुवात.

कांबळ्यांनी एका चालीचं धृपद गायलं. दुसऱ्या ओळीत मधेच एक थांबा होता, फार गोड. मॅडम खूश. "हा थांबा विलक्षण आहे! ऐकणारा सम शोधतो आणि तुम्ही त्याला अधांतरी ठेवता. यामागे तुमचा काय विचार होता?"

"विचार कायचा जी," कांबळे म्हणाले. "तिथं आमची सुमन पोळी उलटायची."

मी हसले. मॅडम हसल्या नाहीत. "म्हणजे?"

"मी चाल बांधायचो, ती पोळ्या करता करता म्हणायची. तव्यावरची उलटायची वेळ आली की थांबायची. मले वाटलं, बरं लागते, राहू दे."

"आणि अंतरा?"

"अंतरा गेला, मॅडम," कांबळे म्हणाले.

त्यांनी आयुष्यात कधी स्वरलिपी लिहिली नव्हती. बायकोच त्यांची वही. चाल बांधून झाली की तिला शिकवायची, आणि स्वतः विसरून पुढच्या चालीला लागायचं. "सुमन, ते कसं होतं?" म्हटलं की ती स्वयंपाकघरातून म्हणून दाखवायची. माईकसमोर मात्र कधी आली नाही, लाजायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली, आणि सगळी वही तिच्याबरोबर गेली. ही शेवटची चाल, तिचं धृपद तेवढं उरलं होतं. "अंतरा सापडल्याशिवाय नवीन काही बांधाचं मन नाही होत," ते म्हणाले. "दोन वर्षांत एक ओळ नाही बांधली."

लिमये मॅडमचं मन मोठं. तिथल्या तिथे त्यांनी धृपदावरून तीन अंतरे रचून गायले. "अंतरा वरच्या षड्जाकडे चढतो. तिथूनच शोधायला हवं."

"छान आहेत जी तिन्ही," कांबळे प्रत्येक वेळी मान हलवत म्हणाले. "पण हे नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सफाईला बसले. ते मिनिट सॉफ्टवेअरला दाखवलं, पुसायला सांगितलं, आणि कांबळ्यांचं गाणं लावलं तर आवाज मधेच पोकळ झालेला! काही सुरांवर जणू कुणी रबर फिरवलेलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. याचा एकच अर्थ – मी ज्याला शांतता समजत होते, त्यात सूर होते.

हेडफोन लावून ते मिनिट ऐकलं. आधी नुसती घरघर. मग विसाव्या सेकंदाला... एक बाई गुणगुणत होती. अगदी हळू, तोंड मिटून. अकरा सेकंद. वळण कांबळ्यांच्या चालीचंच, पण धृपदातलं नव्हतं.

तुमचे आजोबा म्हणाले, "शेजारचा रेडिओ असेल." म्हणून शेजारी विचारून आले. रेकॉर्डिंगचा दिवस धरून दोन दिवस ते गावाला गेलेले, घराला कुलूप होतं. आपल्या घरात त्या वेळी आम्ही तिघं वर, आजोबा बँकेत. लिमये मॅडम गुणगुणल्या म्हणावं, तर त्या माझ्या शेजारी तोंड मिटून बसल्या होत्या आणि कांबळ्यांची ती चाल त्यांनी तोवर ऐकलेलीही नव्हती.

मी दोघांना बोलावलं. कांबळ्यांना आधी काही सांगितलं नाही, नुसते हेडफोन दिले. ते ऐकू लागले. मधेच त्यांचा उजवा हात उठला आणि हवेतच उलटा झाला – पोळी उलटावी तसा.

"वहिनी," ते म्हणाले, "हे कुठून आणलं?"

मी स्क्रीनवरचं ते गप्प बसल्याचं मिनिट दाखवलं. त्यांनी हेडफोन काढले आणि गायला लागले. अकरा सेकंदांचं गुणगुणणं जिथे संपत होतं तिथे ते थांबले नाहीत, पुढे गात गेले, शेवटपर्यंत. चाल वर चढतच नव्हती. खाली उतरत होती, आणि मधे तोच थांबा.

लिमये मॅडम पिशवीतून कागद काढून भराभर लिहीत होत्या. "पुन्हा म्हणा," त्या सांगायच्या, आणि कांबळे म्हणायचे. डोळ्यांतून पाणी, पण सूर हलला नाही. शेवटी मॅडम म्हणाल्या, "माझे तिन्ही अंतरे चूक. सुमनताईंना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं."

"सांगून पाहा तिले," कांबळे हसत म्हणाले. "लाजून आत पळून जाईल."

मी पुष्कळ शोधलं. मायक्रोफोन दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिला, जुन्या फाईली तपासल्या, बाबांनाही विचारलं. "आई, कुठलं तरी रेकॉर्डिंग त्यात मिसळलं असेल," ते म्हणाले. पण सुमनताईंचं रेकॉर्डिंग जगात कुठेच नव्हतं. आणि अंतऱ्याची गोष्ट तर त्या मिनिटानंतर निघाली! मला उत्तर सापडलेलं नाही. नापास झालेल्या मुलाने प्रामाणिकपणे लिहावं तसं लिहितेय – माहीत नाही.

त्या उन्हाळ्यात कांबळ्यांनी दोन नव्या चाली बांधल्या. आता ते त्या नातीला शिकवतात आणि वहीतही लिहून ठेवतात. मी ते शांततेचं मिनिट अजून रेकॉर्ड करते. पुसत मात्र नाही.

सीडी लोखंडी कपाटात, दुसऱ्या कप्प्यात आहे, वर तारीख घातलेली. तिच्याबरोबर लिमये मॅडमच्या अक्षरातला स्वरलिपीचा कागद आहे. त्यावर थांब्याच्या जागी त्यांनी आधी शास्त्रातली खूण केली होती. ती खोडून पेन्सिलीने लिहिलंय – पोळी.

तुमची आजी