बाबांचा अकरा मिनिटांचा फोन

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, पण खरं सांगू? टाइमपास म्हणून. गाडीला हात दाखवणारा म्हातारा, पिंपळाखालची बाई... वाचायचं, हसायचं आणि जेवायला उठायचं. आमच्या घरात या गोष्टींना थाराच नव्हता. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा अंगारे-धुपारे, नवस-सायास सगळं एकदाच घराबाहेर गेलं, आणि बाबांनी तर त्यावर कडी केली. "कारण सापडून नाही राहिलं म्हणजे कारण नाही, असं नसते. आपण नीट शोधलं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे हे लिहिताना मला थोडी लाजच वाटते आहे.

बाबा मेनफ्रेमवर सिस्टिम प्रोग्रॅमर होते, आणि मीही तेच करते. मेनफ्रेम म्हणजे मोठ्या कंपन्यांचे जुन्या घराण्यातले अवाढव्य कॉम्प्युटर. ते अजूनही चालतात, आणि त्यांच्या पोटात शिरून असेम्बलर भाषेत काम करणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. आमचं काम 'एक्झिट' लिहिण्याचं. सिस्टिम चालता चालता ठरावीक जागी थांबून विचारते, इथे तुमचं काही आहे का? तिथे आपला छोटासा प्रोग्रॅम बसवायचा. आत येणारं प्रत्येक काम त्यातून जातं, म्हणून तो पडला तर एकटा पडत नाही, सगळ्यांना घेऊन पडतो. यासाठी सोबत 'रिकव्हरी' लिहावी लागते. प्रोग्रॅम पडला की सिस्टिम तिला हाक मारते, ती काय बिघडलं ते बघते आणि कामाला पुन्हा एखाद्या सुरक्षित जागी आणून उभं करते. हाक मारताना लागणारे आकडे आणि पत्ते सिस्टिम 'रजिस्टर' नावाच्या, नंबर दिलेल्या छोट्या खणांत ठेवून देते.

बाबा रिकव्हरी आधी लिहायचे, प्रोग्रॅम नंतर. "पडल्यावर कोण उचलन ते पहिले लिवा, चालाचं मंग पाहू," असं नव्या पोरांना सांगायचे. मलाही तसंच शिकवलं. नोकरीला लागल्यापासून अडले की मी त्यांना फोन करायची, नाहीतर तेच दुपारी फोन करायचे... "कुठं अडलं गाडं?"

रिटायर झाल्यावर दोन-तीन वर्षांत त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गल्ली, मग माणसं. त्या सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्ट सांगायलाच हवी. मी घरून काम करत होते, व्हिडिओ कॉलवर टीममधले दोघं होते, आणि बाबा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. "हे कोणत्या प्रोजेक्टचं आहे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच, मग पुन्हा. चौथ्यांदा विचारलं तेव्हा माझी जीभ घसरली. मुळातच मी तिखट. त्या दोघांच्या देखत म्हणाले, "बाबा, तुम्हाला आता यातलं काही कळत नाही. जा ना, टीव्ही बघा."

ते उठले. खुर्ची जागेवर नीट सरकवून ठेवली आणि आतल्या खोलीत गेले. त्यानंतर ते माझ्या टेबलाजवळ कधीच आले नाहीत. मी माफी मागायला हवी होती. आज मागू, उद्या मागू करत राहिले, आणि तेवढ्यात त्यांचं बोलणंच गेलं. दीड वर्ष त्यांच्या तोंडून एक सलग वाक्य नाही. "पाणी" किंवा "चाल", एवढंच. माझं नाव त्यांनी शेवटचं कधी घेतलं तेही आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, "अशा पेशंटना कधीतरी मिनिट-दोन मिनिटं अगदी स्वच्छ आठवतं. तसं झालं तर काय बोलायचं ते बोलून घ्या." मी त्या मिनिटाची वाट बघत होते. काय म्हणायचं ते अगदी शब्द न् शब्द ठरवून ठेवलं होतं.

आता तो दिवस. बुधवार होता. मी मिहानमधल्या ऑफिसात होते. नव्या एक्झिटची रिकव्हरी दोन दिवस मला रडवत होती. साधी चाचणी पास व्हायची, पण सिस्टिमवर ताण टाकला की रिकव्हरी स्वतःच पडायची. रविवारी ती एक्झिट बसवायची होती. सकाळी भूक लागलेली असताना, परत येण्याच्या त्या सुरक्षित जागेला मी गमतीनं 'तर्री' असं नाव दिलं होतं. खाली पोह्यांचा आणि त्यावर ओततात त्या झणझणीत रश्श्याचा, तर्रीचा वास येत होता, म्हणून. ते नाव मी कुणालाही दाखवलं नव्हतं.

तीन वाजून गेले होते. फोन वाजला, स्क्रीनवर 'आई'. केबिनमध्ये मी एकटीच होते, म्हणून स्पीकरवर टाकला.

"बब्बी, कुठं अडलं गाडं?"

बाबा. आवाज खणखणीत, ऑफिसातला. आणि तुम्हाला वाटेल मी ओरडले असेन, रडले असेन... तसं काहीच झालं नाही. बारा-तेरा वर्षं याच वेळेला, याच आवाजात तो फोन येत होता. माझं डोकं कोडमध्ये इतकं बुडालेलं, की मी सरळ म्हणाले, "रिकव्हरीच पडते आहे बाबा."

"झिरो रजिस्टर पाह्यलं का? त्याच्यात बारा असन तर सिस्टिमनं तुले कागदच देला नाही. काय झालं, कुठं झालं, काहीच लिहून नाही. तिच्यापाशीच जागा उरली नाही, ते तुले कुठून देईन? अन् तू तो कागद वाचाले जाऊन राहिली."

"मग करू काय?"

"दोन नंबरचं रजिस्टर पाह्य. काहीच नसलं तरी दोनमध्ये तू पहिले ठेवलेला पत्ता राह्यते. तो धर, आपलं सामान भेटते. मंग जा तुह्या त्या तर्रीवर. पण बेसचा पत्ता भरून घेजो, नाहीतर पोहोचशीन बरोबर अन् कुठं आलो ते समजनार नाही."

मी "हं... हं" करत टाइप करत होते. मग फोन संपला. मी चाचणी लावली, पूर्ण ताण देऊन. रिकव्हरी उभी राहिली. मी खुर्चीत मागे टेकले आणि तेव्हा... तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आत्ता माझ्याशी कोण बोललं.

मनीषनगरला घरी कशी पोहोचले ते सांगता येणार नाही. बाबा पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. त्यांना सांभाळणाऱ्या सुनंदाताई शेजारी मेथी निवडत होत्या.

"बाबा बोलले? मला फोन केला त्यांनी?"

"नाही ना ताई. दोन वाजल्यापासून झोपूनच आहेत. मी हटली नाही इथून."

आई घरात नव्हतीच. ती संध्याकाळी आली, शहराच्या दुसऱ्या टोकाहून, जरीपटक्याच्या मावशीकडून. मी तिचा फोन हातातून ओढूनच घेतला.

"काहून वं, काय झालं? फोन तं माह्या पर्समंदीच होता दिवसभर!"

तिच्या फोनमध्ये मला केलेला एकही कॉल नव्हता. माझ्या फोनमध्ये होता. 'आई', अकरा मिनिटं. तो स्क्रीनशॉट अजून आहे माझ्याकडे.

मी बाबांचीच मुलगी, म्हणून कारण नीट शोधलं. ऑफिसातला एक मित्र म्हणाला, नेटवर्कचा घोळ असेल. दुसरा म्हणाला, रिकव्हरीतली ती चूक सगळेच करतात, तुझ्याच डोक्यात उत्तर होतं, थकव्यात आवाज ऐकलास. मानलं. पण मग ती अकरा मिनिटं कुणाची? बाबांनीच केला म्हणावं, तर फोन जरीपटक्याला. आणि तर्री त्यांना कुणी सांगितलं? मला माहीत नाही.

त्यानंतर बाबा सात महिने होते. मी रोज त्यांच्या पलंगापाशी बसून माफी मागितली. हात हातात घेऊन, कानाशी वाकून, नागपुरीत, शुद्ध भाषेत, सगळ्या तऱ्हेनं. ते छताकडे बघायचे. एकदाही ओळखीची खूण दिसली नाही. पावसाळा संपता संपता गेले.

एक्झिट आजही चालते आहे. अजून एकदाही पडली नाही.

त्या फोनचा शेवट मी अजून कुणाला सांगितलेला नाही, आईलाही नाही. रजिस्टरचं सगळं सांगून झाल्यावर बाबा म्हणाले, "बब्बी, अजून काही बोलाचं आहे का?"

माझी नजर स्क्रीनवर. मी म्हणाले, "नाही बाबा, झालं."

त्यांनी लगेच ठेवला नाही. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. बराच वेळ. शेवटी मीच फोन कट केला.