नागपूरच्या उन्हातले शिनाणे

प्रयोगशाळेत शिरला की तो आधी काचेच्या टाकीत करंगळी बुडवायचा आणि ती जिभेवर ठेवायचा. उन्हानं पाणी उडालं की खारटपणा वाढतो. तो किती वाढला ते त्याला जिभेवरच कळायचं. मग अंदाजानं साधं पाणी घालायचा आणि समोर कोणी असो नसो, म्हणायचा, "जगून राहिले गा."

टाकीत शिनाणे होते, समुद्रकाठच्या खडकांना चिकटून राहणारे काळे शिंपले. तुम्ही म्हणाल, नागपुरात समुद्र कुठला? आम्हीही तेच म्हणायचो. सत्तरच्या दशकात आम्ही दोघं एकाच कॉलेजात शिकवत होतो, तो प्राणिशास्त्र आणि मी शेजारच्या खोलीत वनस्पतिशास्त्र. दर डिसेंबरात तो रत्नागिरीहून शिनाणे आणि समुद्राच्या पाण्याचे कॅन घेऊन यायचा. त्या वासापायी एसटीतल्या लोकांनी त्याला किती शिव्या घातल्या असतील, देव जाणे. पीएचडी व्हायच्या आधीच कॉलेजनं त्याला चेष्टेनं डॉक्टर करून टाकलं होतं.

त्याचा प्रश्न साधा होता. ओहोटीला खडक तव्यासारखा तापतो, तरी हे जीव टिकतात कसे? हिवाळ्यापासून हळूहळू सवय लावली तर ते किती सोसतील? दुसरीकडे यासाठी यंत्रं लागतात म्हणे. "आपल्या इथं ऊन फुकट भेटून राहिलं," तो म्हणायचा.

एकदा त्यानं मला नीट समजावलं. बरं वाटत असलं की शिनाणा किंचित उघडतो, पाणी आत घेतो. ऊन चढलं की घट्ट मिटतो, आतलं चमचाभर पाणी धरून बसतो आणि जगणं अगदी मंद करतो. मला वाटलं, समजलं सगळं.

दोन वर्षं ते मे महिन्यात मेले. तिसऱ्या वर्षी मार्गदर्शकांनी बजावलं, यंदा जगले तर प्रबंध, नाहीतर नोंदणी रद्द. त्या वर्षी त्यानं घाई केली नाही. टाकीभोवती गारव्यासाठी गुंडाळलेली ओली पोती आठवड्याला एक अशी काढत गेला. मे अर्धा सरला तरी शिनाणे मिटलेले, पण जिवंत होते. त्याच्या चेहऱ्यावर हसू मी तेव्हाच पाहिलं.

तेवढ्यात सावनेरला त्याच्या आईला ऊन लागलं. किल्ली माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "काही बदल दिसला का मले लगेच कळव."

दुसऱ्याच दिवशी सात-आठ शिनाणे उघडलेले दिसले. मला कोण आनंद झाला. वाटलं, जीव सुखावले, पाणी प्यायला लागले. सावनेरला जाणाऱ्या एका शिपायाबरोबर मी चिठ्ठी पाठवली, "सगळं उत्तम आहे. निवांत आईजवळ राहा."

तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा खोलीत वास मारत होता. सगळेच उघडले होते. त्यानं एकेकाला बोट लावून पाहिलं. एकही मिटला नाही.

"मेल्यावरबी उघडतात," तो म्हणाला. "मिटायची ताकदच राहत नाही. कधी उघडले?"

मी सांगितलं. पहिले सात-आठ त्याच दिवशी काढले असते तर पाणी नासलं नसतं, बाकीचे वाचले असते. हे त्यानं मला बोलून दाखवलं नाही, मी पुढे पुस्तकात वाचलं. तो मेलेले शिनाणे एकेक करून बादलीत काढायला लागला. मग म्हणाला, "तुले अर्धंच सांगितलं मी." त्यानं मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी आयुष्यभर त्याचे उपकार मानले असते.

मार्गदर्शकांना त्यानं लिहून दिलं, "दुर्लक्ष माझ्याच हातून झालं." माझं नाव त्यात कुठंच नव्हतं. नोंदणी गेली. रत्नागिरी सुटली. पुढे वर्गात तो जुन्या वहीतून वाचून दाखवायचा आणि घंटा झाली की घरी जायचा. डॉक्टर म्हणणंही लोकांनी सोडून दिलं.

पाच-सहा वर्षांनी तो हृदयविकारानं गेला. शोकसभेत प्राचार्य म्हणाले, माणूस हुशार होता, पण चिकाटी कमी पडली. समोर पहिल्या रांगेत त्याच्या बायकोनं मान खाली घातली. प्राचार्यांच्या शेजारच्या खुर्चीत मी होतो. माइक माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

मी उठलो आणि सगळ्यांबरोबर दोन मिनिटं शांत उभा राहिलो.