राजे मोहिमेवर गेले

अकोल्यातल्या एका शाळेत मी इतिहास शिकवते. राज्य चालवणाऱ्या, फौजेपुढे घोड्यावर निघालेल्या राण्या मला तोंडपाठ आहेत. आपल्याकडच्या बहुतेकींच्या हाती कारभार आला तो नवरा गेल्यावर, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. मुली मुकाट्याने उतरवून घेतात. त्यांच्या आयांच्या मात्र ते कधी डोक्यात शिरलं नाही.

माझा नवरा गेला त्याच्या पुढच्या वर्षी जुन्या शहरातल्या महिला मंडळाने एका राणीची मिरवणूक काढायचं ठरवलं. भाषण लिहायला मी, पोशाख शिवून आणायला मी, घोडीवाल्याशी घासाघीस करायलाही मीच. राणी म्हणून मंडळाने माझी लेक निवडली, कारण तिचा आवाज खणखणीत. बाप गेल्यापासून पोरगी घरात फारसं बोलत नव्हती. आता आरशासमोर उभी राहून मोठमोठ्याने भाषण म्हणू लागली. एवढ्यासाठी मी काय वाटेल ते करायला तयार होते.

अध्यक्षीणबाईंनी भाषण वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, हे विधवा-बिधवा काढून टाका. शुभ दिवस आहे."

"मग राणी गादीवर आली कशी?"

"राजे मोहिमेवर गेले म्हना. कोन इचारून राह्यलं?"

अडला हरी, दुसरं काय. मी ओळ बदलली.

मिरवणुकीच्या दिवशी औक्षणाचं ताट मी घरूनच तयार करून नेलं होतं. लेक घोडीवर बसली, मी ताट उचललं, तर अध्यक्षीणबाईंनी ते अलगद माझ्या हातातून काढून घेतलं.

"तुमी नका, मॅडम. तुमाले तर समजतेच. राग नका मानू."

त्यांनी माझ्या लेकीला ओवाळलं. मग पुढच्या रिक्षात ठेवलेल्या राणीच्या तसबिरीकडे वळल्या. फिकट लुगडं, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. त्या मोकळ्या कपाळावर त्यांनी बोटभर कुंकू लावलं आणि पाया पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण लेक माझ्याकडे बघत होती, म्हणून मी हसले.

घोडी वरातीची. बँड वाजला तशी ती सवयीने नाचायला लागली आणि राणीने "आई" म्हणून हंबरडा फोडला.

"मॅडम, लगाम धरा ना जरा," अध्यक्षीणबाई ओरडल्या.

लगाम धरायला मी चालत होते. मोर्णा नदीच्या पुलापर्यंत मीच धरला. रस्त्यात घोडीने लीद टाकली तेव्हा ती बाजूला सारायलाही मलाच हाक आली. त्या कामाला मुहूर्त लागत नसावा.

पुलापलीकडे मांडव होता. तिथे लेक एकदाही अडखळली नाही. "राजे मोहिमेवर गेले, आणि राणीसाहेबांनी गादी सांभाळली," म्हणाली, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षीणबाईंनी तर डोळे पुसले.

घरी आल्यावर मी तिचा फेटा सोडत होते.

"आई, राजे वापस आले का मंग?"

"नाही. ते वारले होते. राणी विधवा होती."

तिने फेट्याचं सुटलेलं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "पप्पा कुठी गेले असं कोनी इचारलं, त मोहिमेवर गेले म्हनू का?"

"वारले म्हणायचं. खरं तेच सांगायचं."

"मंग तू मले तिथं खोटं काहून बोलाले लावलं? तू विधवा आहे म्हनून?"

फेटा घडी करून मी कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा गप्प झाली. विचारलं तेवढंच बोलते.

यंदाही मंडळाचा निरोप आला आहे. भाषण मागच्यासारखंच छान पाहिजे म्हणतात.